दोन जुन्या स्लेड, तीन मित्र: परमिट कशाचं, विमा कुणाचा, नाव कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओंटारियोतल्या ब्रॅम्प्टनचे तीन मित्र मिळून दोन वापरलेल्या स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या, घेणार आहेत. गाड्या हॅलिबर्टनच्या बाजूला भाड्याच्या कॉटेजवर ठेवायच्या, शनिवार-रविवारी आळीपाळीने चालवायच्या. दोघांकडे 'जी', म्हणजे कारचं पूर्ण लायसन्स आहे, एकाकडे त्याच्या आधीच्या टप्प्याचं 'जी-टू'. फेब्रुवारीत एकाचे आईवडील पुण्याहून येणार आहेत, त्यांनाही फिरवायचं आहे. ट्रेल परमिट घ्यायलाच हवं का, कारच्या विम्यात भागेल का, गाड्या तिघांच्या नावावर कराव्यात का आणि जुनी गाडी घेताना काय बघायचं?

या चारही प्रश्नांचा गुंता एकाच जागी आहे. ओंटारियोत स्नोमोबाइलला, म्हणजे इथल्या बोलीत स्लेडला, लागणारे कागद वेगवेगळ्या गोष्टींना चिकटलेले असतात. ट्रेल परमिट गाडीला चिकटतं, लायसन्स चालवणाऱ्याला, आणि विमा गाडी व तिचा मालक या जोडीला. भागीदारीत गाडी घेणाऱ्यांची गडबड इथेच होते: एकाने परमिट काढलं, दुसऱ्याने विमा काढला, तिसरा चालवतोय, आणि कुठला कागद कशाला लागू आहे हे कुणालाच धड सांगता येत नाही. गाडी शोधायच्या आधी हा हिशोब करा.

परमिटपासून सुरू करू. इथले ट्रेल ओंटारियो फेडरेशन ऑफ स्नोमोबाइल क्लब्ज, म्हणजे ओएफएससी, या संघटनेच्या क्लबांनी आखलेले आहेत. सगळं जाळं साधारण ३०,००० किलोमीटरचं आहे आणि त्यावर गाडी घालायची तर परमिट कायद्यानेच लागतं. हे परमिट एका गाडीचं असतं, माणसाचं नाही. म्हणून तुम्हा तिघांना तीन परमिटं नकोत. दोन गाड्या आहेत, दोनच लागतील. आज ती गाडी कोण चालवतंय याच्याशी परमिटला देणंघेणं नाही, फक्त चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. परमिट ऑनलाइन निघतं आणि त्याचा स्टिकर गाडीवर ठरलेल्या जागी, सहज दिसेल असा कायमचा चिकटवायचा. तो दस्तऐवजांच्या पाकिटात जपून ठेवणारे बरेच आहेत. तसा ठेवलेला स्टिकर नसल्यासारखाच. आणि एका गाडीवरून सोलून दुसरीवर लावला की तो बाद.

मोसमी परमिटचा भाव तारखेनुसार चढतो. १ नोव्हेंबरच्या आत सगळ्यात स्वस्त, १ डिसेंबरपर्यंत मधला आणि त्यानंतर पूर्ण. आकडा दर मोसमाला थोडा बदलतो, पण एका गाडीला साधारण २०० ते ३०० डॉलरच्या घरात धरा. लवकर घेण्यात एक जुगार आहे, हे कबूल. २०२३-२४ चा हिवाळा कॅनडातला नोंदींच्या इतिहासातला सगळ्यात उबदार हिवाळा ठरला. त्या वर्षी ज्यांनी दक्षिण ओंटारियोपुरतं चालवायचं म्हणून परमिट काढलं, त्यांच्यातल्या अनेकांच्या स्लेड ट्रेलरवरून फारशा खाली उतरल्याच नाहीत. बर्फ पडलं नाही म्हणून पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. मोसमात दोन-तीनच शनिवार-रविवार जमणार असतील तर थोड्या दिवसांचं परमिटही मिळतं, त्याचा हिशोब आधी करून पाहा.

परमिट काढताना कुठल्या क्लबच्या नावावर, हे विचारतात. घराजवळचा क्लब निवडायची सवय असते. पण ज्यांचे ट्रेल तुम्ही जास्त वापरणार, त्यांचं नाव द्या. तुमच्या बाबतीत हॅलिबर्टनकडचा क्लब. ट्रेल सपाट करणाऱ्या ग्रूमरचं डिझेल, पुलांच्या फळ्या, पाट्या हा खर्च तिथे होतो, ब्रॅम्प्टनमध्ये नाही.

"आम्ही फक्त तळ्यावरच फिरवणार, मग परमिट कशाला?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. ट्रेल सोडून गोठलेल्या तळ्यावर फिरायला ओएफएससीचं परमिट लागत नाही, हे खरं. पण तळ्यावर खुंट रोवून आखलेला पट्टा दिसला तर तो ट्रेलचाच भाग समजा. आणि परमिट लागलं नाही तरी रजिस्ट्रेशन आणि विमा लागतोच, कारण तळं तुमच्या मालकीचं नाही. विम्यातून सूट फक्त स्वतःच्या जमिनीवर चालवताना आहे. भाड्याच्या कॉटेजचं अंगण ही तुमची जमीन नाही, हेही लक्षात असू द्या.

ट्रेल कुणाच्या जमिनीवरून जातात, हे कळलं की बाकीचे नियम आपोआप पटतात. काही भाग सरकारी जमिनीवर आहे, काही जुन्या रेल्वेमार्गावर, काही लाकूडतोडीच्या रस्त्यांवर. पण दक्षिणेकडचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या आणि घरमालकांच्या खाजगी जमिनीवरून जातो. क्लबचे स्वयंसेवक एकेका मालकाकडे जाऊन लेखी परवानगी घेतात. ही परवानगी हक्क नाही, मेहरबानी आहे. एका मालकाने ती काढून घेतली की सात-आठ किलोमीटरचा वळसा घालावा लागतो, आणि वळशाला जागाच नसेल तर अख्खा फेरा तुटतो.

मालक चिडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: कुणीतरी पट्टा सोडून शेतात घुसतं. वरून शेत मोकळं, पांढरं, रिकामं दिसतं. खाली शरदात पेरलेला गहू किंवा चाऱ्याचं अल्फाल्फा असतं. भुसभुशीत बर्फ हे त्या पिकाचं पांघरूण. त्यात हवा अडकलेली असते म्हणून खालची माती फार थंड होत नाही. स्लेडखालच्या फिरत्या रबरी पट्ट्याने, म्हणजे ट्रॅकने, ते दाबलं की हवा निघून जाते, बर्फाचा घट्ट थर होतो, आणि वसंतात नेमक्या त्या रेघेवर पीक मेलेलं दिसतं. शेतकऱ्याला पुरावा शोधावा लागत नाही. शेतात काढलेला आठाचा आकडा एप्रिलमध्ये पिवळा होऊन उभा राहतो. परवानगीशिवाय जमिनीत शिरण्याच्या गुन्ह्याला ओंटारियोत १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण खरी शिक्षा पुढच्या वर्षी त्या फाट्यावर दिसणारी 'बंद'ची पाटी, आणि ती सगळ्यांनाच भोगावी लागते.

निघायच्या दिवशी सकाळी ओएफएससीचा ऑनलाइन ट्रेल-नकाशा बघा. हिरवा म्हणजे उघडा, पिवळा म्हणजे मर्यादित, लाल म्हणजे बंद. पिवळ्याचा अर्थ 'बहुतेक ठीक' असा घेऊ नका. पातळ बर्फ, उघडी पडलेली माती, न गोठलेला ओढा, यांपैकी काहीही असू शकतं. आणि लाल ट्रेलवर तुमच्याकडे परमिट असलं तरी तुम्ही घुसखोरच, कारण मालकाची परवानगी ट्रेल उघडा असतानापुरतीच असते. ग्रूमर शक्यतो रात्री फिरतो. गार हवेत काही तास पडून राहिला की पट्टा घट्ट बसतो. तो बसायच्या आत दहा-बारा गाड्या गेल्या की दुपारपर्यंत सगळीकडे टेकाडं तयार होतात. समोरून ग्रूमर आला तर उजवीकडे बाजूला घेऊन थांबा. तो ट्रेलची जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो.

वेगाची मर्यादा ट्रेलवर ताशी ५० किलोमीटर आहे, वेगळी पाटी नसेल तर. जिथे रस्त्याच्या कडेने चालवायला मुभा आहे तिथे मोटारींची मर्यादा ५० किंवा कमी असेल तर स्लेडला २०, आणि जास्त असेल तर ५०. ट्रेलवर पोलिसांखेरीज स्टॉप नावाच्या उपक्रमातले गस्तीचे अधिकारीही असतात. ते स्वयंसेवक आहेत म्हणून हुज्जत घालू नका, त्यांना थांबवून कागद तपासायचा आणि दंडाची पावती फाडायचा अधिकार आहे.

लायसन्सचा मुद्दा सोपा आहे. वैध ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, जी-टूही चालतं. ज्यांच्याकडे ते नाही अशा १२ वर्षांवरच्या मुलांना कोर्स करून स्नोमोबाइल चालवण्याचं वेगळं लायसन्स मिळतं, पण १६ वर्षांखाली सार्वजनिक रस्ता ओलांडताही येत नाही. ट्रेल दर काही किलोमीटरला रस्ता ओलांडतोच, तेव्हा मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मार्ग आधी नकाशावर तपासावा. दारू पिऊन स्लेड चालवणं हा कार चालवण्याइतकाच गुन्हा आहे, आणि त्यात कारचंही लायसन्स जातं. कारचं लायसन्स निलंबित असेल तर स्लेडही चालवता येत नाही.

आता विमा. कारच्या पॉलिसीत स्लेड आपोआप येत नाही. ती पॉलिसी त्यात लिहिलेल्या गाडीची असते. घराच्या पॉलिसीवरही विसंबू नका, आवाराबाहेर चालवलेली स्लेड तीत साधारणपणे वगळलेली असते. स्लेडची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते, किंवा कारच्याच कंपनीकडे तिची नोंद वाढवून घ्यावी लागते. अनेकदा दुसरा पर्याय स्वस्त पडतो.

ओंटारियोत कायद्याने किमान २,००,००० डॉलरचं त्रयस्थ-दायित्व, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारं कव्हर, लागतं. हा आकडा कागदावर मोठा वाटतो, पण पाठीच्या कण्याला मार बसलेल्या एका माणसाच्या दाव्यापुढे तो काहीच नाही. १० लाख किंवा २० लाख घ्या. किमान रकमेपासून तिथवर जाताना हप्त्यात पडणारा फरक इतका थोडा असतो की त्यात कंजुषी करण्यात अर्थ नाही. गाडीचं नुकसान भरून देणारा भाग मात्र नीट विचार करून घ्या. चार हजार डॉलरची दहा वर्षं जुनी स्लेड, हजार डॉलर तुमच्या खिशातले आधी जाणार, आणि उरलेलं घसारा वजा करून मिळणार. अशा गाडीला टक्करीचं कव्हर घेणं फारसं परवडत नाही. चोरी-आगीचं कव्हर मात्र ठेवा, आणि तेही बाराही महिने. स्लेड चोरीला जातात त्या ट्रेलवरून नव्हे, तर जुलैत ट्रेलरसकट आवारातून. उन्हाळ्यात हप्ता वाचवायला सगळी पॉलिसीच बंद करणारे इथे फसतात. रस्त्यावरचं कव्हर स्थगित करून फक्त साठवणीचं चालू ठेवता येतं का, हे एजंटला विचारा.

एजंटला आणखी तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. पहिली, आम्ही तिघंही नियमित चालवणार आहोत, तिघांची नावं पॉलिसीत आहेत का? दुसरी, पाहुण्याला गाडी चालवायला दिली तर? गाडी उसनी दिली की तुमचा विमाही उसना दिलात. दावा तुमच्याच नावावर लागतो. लायसन्स नसलेल्याला दिलीत तर कंपनी अटभंग म्हणून हात वर करू शकते. तिसरी, नंतर बसवलेल्या वस्तूंचं काय? उंच काच, पेट्रोलचा जादा डबा, मागची पेटी, खिळे मारलेला ट्रॅक यांची बेरीज सहज दोन हजारांवर जाते, आणि पॉलिसीत अशा जादा वस्तूंसाठी छोटीशीच मर्यादा असू शकते. पावत्या जपून ठेवा.

ट्रेलरचं एक उपकलम अनेकांना माहीत नसतं. कारला जोडलेल्या ट्रेलरने दुसऱ्याचं नुकसान केलं तर कारच्या दायित्वात ते येतं, पण खुद्द ट्रेलरचं नुकसान किंवा चोरी त्यात येत नाही. तो पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा लागतो.

आता नाव कुणाचं. माझं स्पष्ट मत: एका गाडीवर एकच नाव. पहिली स्लेड एकाच्या नावावर, दुसरी दुसऱ्याच्या, आणि तिसऱ्याचा वाटा साध्या कागदावर लिहून तिघांच्या सह्या. कागदात एवढं पुरे: कुणी किती घातले, परमिट-विमा-दुरुस्ती कशी वाटायची, एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी ठरवायची, आणि चालवताना मोडली तर मोडणाऱ्याने भरायचं की सगळ्यांनी. हा चौथा मुद्दा आधी लिहिला नाही, तर वाकलेल्या ए-आर्मसोबत (पुढच्या स्की गाडीला जोडणारे दांडे) मैत्रीही वाकते.

तिघांची नावं रजिस्ट्रेशनवर घातली तर विकताना तिघांच्या सह्या जमवाव्या लागतात, आणि अपघाताचा दावा आला की त्या दिवशी घरी झोपलेला मालकही नोटिशीत येतो. शिवाय कर. खाजगी व्यवहारात घेतलेल्या स्लेडवर सर्व्हिसओंटारियो या सरकारी सेवा-कार्यालयाच्या खिडकीवर १३ टक्के विक्रीकर भरावा लागतो. जवळच्या नातलगाला गाडी भेट दिली तर सूट असते. मित्राला नाही. म्हणजे आज एकाच्या नावावर घेऊन उद्या दुसऱ्याच्या करू म्हटलं, तर पुन्हा कर. मालकी बदलल्यापासून ६ दिवसांत नोंदणी करायची असते. नंबराचे स्टिकर गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायचे.

विकत घेताना आधी कागद, मग इंजिन. वाहन ओळख क्रमांक टनेलच्या उजव्या बाजूला, पाय ठेवायच्या पट्टीजवळ कोरलेला असतो. टनेल म्हणजे ट्रॅकच्या वरचा ॲल्युमिनियमचा लांब उलटा खोका. त्यावरचा क्रमांक आणि विकणाऱ्याच्या हातातला कागद अक्षर-अक्षर जुळवून पाहा. क्रमांकाच्या आसपास घासलेलं, नव्याने रंगवलेलं किंवा रिव्हेट बदललेले दिसले तर चहा न घेता निघा. चोरीच्या गाड्यांची राष्ट्रीय पोलीस नोंद ऑनलाइन तपासता येते. त्याशिवाय ओंटारियोच्या तारण-नोंदवहीत त्या क्रमांकावर शोध घ्या. विकणाऱ्याने गाडीवर कर्ज काढलं असेल आणि क्रमांकासह नोंदलेलं असेल, तर पैसे तुम्ही मोजले तरी कर्ज देणारा गाडी उचलून नेऊ शकतो. काही डॉलरचा शोध आहे, टाळू नका.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा की इंजिन आधी सुरू करू नको. गरम इंजिन सहज सुरू होतं, खरी परीक्षा थंडीत. टू-स्ट्रोक असेल तर दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. नेमक्या आकड्यापेक्षा दोघांमधला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे एका पिस्टनचं काहीतरी बिघडलं आहे. दाबात कमी पडणारा सिलिंडर कुठला, ते लिहून घ्या आणि त्या बाजूच्या इंजेक्टरबद्दल किंवा कार्ब्युरेटरबद्दल विचारा. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की तिथला पिस्टन आधी जळतो.

मग पुढची स्की उचलून खालचं कार्बाइड बघा. स्कीच्या तळाला लावलेली ही कठीण धातूची धार गोठलेल्या वळणावर गाडीला धरून ठेवते. बोट फिरवून धार लागली पाहिजे. गुळगुळीत झाली असेल तर गाडी वळत नाही, सरळ झाडाकडे जाते. नवी जोडी महाग नाही, पण घासाघीस करायला चांगला मुद्दा आहे. मागे गाडी स्टँडवर चढवा आणि ट्रॅक हाताने फिरवा. रबरी दात तुटलेले आहेत का, कडेला दोरे निघालेत का, चाकांच्या बेअरिंगमधून कुरकुर येते का, ते पाहा. पुढचे ए-आर्म आणि टनेल एका रेषेत आहेत का, ते मागे उभं राहून डोळ्याने कळतं. वाकलेला टनेल सरळ करता येत नाही, फक्त बदलता येतो.

क्लचचं झाकण उघडा. बेल्टच्या कडा चकाकत असतील, दोरे सुटले असतील किंवा एखाद्या ठिकाणी खोलगट जळका डाग असेल, तर गाडी कुठेतरी अडकलेली असताना गॅस दाबला गेलाय. बंद अवस्थेत बेल्टचा वरचा भाग मागच्या क्लचच्या काठाशी समपातळीत किंवा किंचित वर हवा. खाली बसला असेल तर बेल्ट झिजलाय, आणि सुरुवातीचा जोर कमी पडणार. जादा बेल्ट नेहमी सोबत असू द्या, आणि गाडीच्या मॉडेलला दिलेल्या नेमक्या क्रमांकाचाच. रुंदीला बसतो म्हणून दुसराच घेतलेला बेल्ट पन्नास किलोमीटरही टिकत नाही.

मॉडेल कुठलं, यावर वाद घालणारे आयुष्यभर घालत राहतील. व्यवहाराचं एवढंच: यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा धंदा बंद करायचं जाहीर केलं. आर्क्टिक कॅटचं उत्पादनही मध्ये थांबलं आणि २०२५ मध्ये कंपनीची मालकी बदलली. या गाड्या वाईट नाहीत, उलट यामाहाची फोर-स्ट्रोक इंजिनं चिवट म्हणून ओळखली जातात, आणि म्हणूनच आता त्या स्वस्तात मिळू शकतात. पण हॅलिबर्टनच्या आसपास त्यांचे सुटे भाग ठेवणारा आणि हात लावणारा डीलर आहे का, ते आधी फोन करून विचारा. स्की-डू किंवा पोलारिसचा बेल्ट तुटला तर शनिवारी दुपारी मिळण्याची शक्यता जास्त, एवढाच फरक.

नव्या माणसांच्या हातून सगळ्यात जास्त वाया जाते ती स्लायडर नावाची प्लास्टिकची पट्टी, तिला हायफॅक्सही म्हणतात. ट्रॅकच्या आतल्या बाजूला दोन लांब पट्ट्या असतात आणि ट्रॅकच्या धातूच्या क्लिपा त्यांच्यावरून घसरत जातात. घसरायला लागणारं वंगण म्हणजे निव्वळ बर्फ. मऊ बर्फ उडतं, आत जातं, वितळतं, पट्टी ओली राहते. गोठून काच झालेल्या ट्रेलवर किंवा उघड्या रस्त्यावर उडायला बर्फच नसतं. पट्टी तापते, मग जळक्या प्लास्टिकचा वास येतो, आणि दहा मिनिटांत ती क्लिपांना चिकटून विरघळू लागते. वॉटर-कूल्ड इंजिनचंही तेच. त्याचं पाणी थंड करणारे हीट एक्स्चेंजर टनेलखाली असतात आणि त्यांच्यावरही उडालेलं बर्फच पडावं लागतं. तापमानाचा दिवा लागला तर कडेच्या मऊ बर्फात थोडं चालवा. कायमचा उपाय म्हणजे स्क्रॅचर: रेल्सवर बसवलेले स्प्रिंगचे दात, जे गोठलेला ट्रेल खरवडून चुरा वर उडवतात. जुन्या गाडीला नसतील तर पहिल्याच हिवाळ्यात बसवा. मात्र रिव्हर्स घ्यायच्या आधी ते वर अडकवा. ताठ जातीचे असले तर मागे जाताना जमिनीत रुतून वाकतात.

ट्रॅकचा ताण मॅन्युअलप्रमाणे ठेवा. स्की-डूच्या बऱ्याच मॉडेलांत ७.३ किलोचा ओढा लावून ३० ते ३५ मिलिमीटर झोल चालतो. फार ताणला की बेअरिंग आणि स्लायडर जातात, सैल ठेवला की वेगात ट्रॅक दाते सोडून उड्या मारतो. पेट्रोल शक्यतो इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेनचं घ्या. टाकी साधारण ३५ ते ४० लिटरची, ट्रेलवर १५० किलोमीटरच्या आसपास जाते. नकाशावर पुढचा पंप १४० किलोमीटरवर असेल तर आधीच्याच पंपावर भरून घ्या, कारण तिथले काही पंप रविवारी संध्याकाळी लवकर बंद होतात.

तळ्याबद्दल एक वाक्य तरी लिहायलाच हवं, कारण जिवावर बेतणारे अपघात बहुतेक तिथले. स्लेडसाठी स्वच्छ निळसर बर्फ किमान २० सेंटिमीटर जाड हवं. पांढरं, दुधाळ बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. ओढा येऊन मिळतो ती जागा, पुलाखालची अरुंद गळी आणि बोटींच्या धक्क्यांजवळ बबलर (पाणी गोठू नये म्हणून बुडबुडे सोडणारं यंत्र) लावलेला भाग इथे जाडी मोजली तरी भरवसा धरू नका. बर्फ मोजायला गिरमिट लागतं. वरून बघून, "कालच तर गाडी गेली होती" म्हणून नव्हे.

आईवडिलांना फिरवताना काही गोष्टी. भारतातल्या लायसन्सवर त्यांना चालवायला देऊ नका. तुमच्या विमा कंपनीने लेखी मान्य केल्याशिवाय तर नाहीच. मागे बसवा, पण दोन माणसांसाठी बनवलेल्या सीटवरच. एकट्याच्या सीटवर मागे बसलेला माणूस पहिल्याच टेकाडावर खाली पडतो. हेल्मेट त्यांनाही सक्तीचं आहे, मागे ओढलेल्या घसरगाडीत बसलेल्यांनाही. शाल, मफलरची लोंबती टोकं आणि ओढणी जॅकेटच्या आत कोंबा; फिरत्या ट्रॅकजवळ लोंबतं कापड नको. शेवटचं म्हणजे, त्यांच्या प्रवास-आरोग्यविम्याचा कागद काढून मोटारयुक्त खेळांचा अपवाद आहे का ते बघा. बऱ्याच पॉलिसींत असतो. असेल तर त्यांच्यासाठी स्लेडपेक्षा तळ्याकाठची चक्कर बरी. एखाद्या हाडाच्या शस्त्रक्रियेचं बिल त्यांच्या सगळ्या सहलीपेक्षा मोठं होईल.

मार्चअखेर गाड्या ठेवताना टाकीत स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं द्रव्य, घालून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते पाइपांतही पोचेल. टू-स्ट्रोक असेल तर इंजिन आतून गंजू नये म्हणून फॉगिंग ऑइल मारा. गाडी स्टँडवर उचलून ठेवा, ट्रॅकवर सहा महिने भार नको. एअरबॉक्सच्या तोंडाला जाळी लावा आणि सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूलचा बोळा घाला. नाहीतर उंदीर तिथे घर करतात आणि ऑक्टोबरात पहिल्यांदा सुरू करताना त्यांचं गवत इंजिनात जातं. बोळ्याला लाल सुतळी बांधा आणि तिचं दुसरं टोक हँडलला. तो काढायला विसरलात, तर इंजिन का सुरू होत नाही याच्या शोधात एक सबंध शनिवार जाईल.